दाराच्या अलीकडे

६ जानेवारी

आज सही केली. पंधरा वर्षं मालिकांत सासवा-सुनांना भांडायला लावलं, आता अवकाशयान. चॅनलबाई म्हणाल्या, "फरक काहीच नाही हो. एक बंद घर, सात माणसं, आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने जावं." हसून म्हणाल्या. मीही हसले. घरी आल्यावर चहा टाकताना लक्षात आलं की बाई अगदी बरोबर बोलल्या.

गोष्ट अशी: परतीच्या वाटेवर यान बिघडलंय. माणसं सात, हवा पाच जणांपुरती. सोमवार ते शुक्रवार, रोज अर्धा तास.

लिहायला मिळालेली खोली म्हणजे चित्रीकरणाच्या गोदामामागची कपड्यांची कोठी. खिडकी नाही. भिंतीला कपडे अडकवायचा दांडा अजून तसाच आहे, त्यावर मी भागांचे कागद चिमटे लावून टांगलेत. दाराच्या फटीतून रंगाचा वास येतो. शेजारी सुतार यानाला चंदेरी रंग मारतात.

नवरा पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे घरात आधीच परीक्षक बसलाय. म्हणाला, "अवकाशात आवाज जात नाही, एवढं तरी लक्षात ठेव."

"माझ्या मालिकेत जाईल."

"मग तुझी मालिकाच जाईल."

१५ जानेवारी

दिग्दर्शकाने आज एका माणसाला आणलं. साठी ओलांडलेली, अंगाने बारीक, हातात घडी केलेला रुमाल. एकोणीस वर्षांपूर्वी खाणीत पाणी भरलं तेव्हा हे चार दिवस खाली अडकले होते. त्या पाळीचे मुकादम होते, म्हणून सगळे त्यांना मुकादमच म्हणतात. बंद जागेत माणूस कसा वागतो ते नटांना दाखवायचं, हे त्यांचं काम.

नटमंडळी अडकल्याचा अभिनय करत होती. म्हणजे भिंतीवर मुठी आपटणं, ओरडणं, केस ओढणं. मुकादम जरा वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "एवढं ओरडायला हवा कुठून आणतात हे?"

नटांच्या मुठी हवेतच राहिल्या. मग दिग्दर्शकच फिसकन हसला.

बसायला खुर्ची दिली तर त्यांनी ती उचलून गोदामाच्या मोठ्या फाटकापाशी नेली, वाऱ्याच्या झोतात. जेवणाच्या सुट्टीत यानाची सगळी दारं एकेक करून पाहत होते. आतून उघडायचं, बाहेरून उघडायचं, पुन्हा लावायचं. मला म्हणाले, "लेखकबाई, याची कडी कुठल्या बाजूला?"

"कडी नाहीच. दिसतंय ते प्लायवूडवर काढलेलं चित्र आहे."

"बरंय मग."

जिज्ञासू आहेत. कामाचे आहेत.

२३ जानेवारी

मुकादम म्हणजे लॉटरी लागली मला. रोज काहीतरी बोलून जातात आणि मी कामाच्या वहीत उतरवून घेते. आजचं: "पहिल्या दिवशी सगळे शूर. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना लघवीची लाज. तिसऱ्या दिवशी कुणालाच कशाची नाही." आणि हे: "अंधारात माणूस मरणावर चिडत नाही, शेजारच्याच्या खोकल्यावर चिडतो." खोकल्याचं लगेच एका भागात घातलं. चॅनलबाईंना फार आवडलं.

त्यांचा डबा बहीण देते. धाकटी बहीण, विधवा. दोघंच राहतात. मेहुणाही त्याच पाळीत होता आणि त्याच दिवशी गेला. मी विचारलं तर मुकादम एका दमात म्हणाले, "पाणी आलं तेव्हा तो पलीकडे होता, क्षणात गेला, त्रास झाला नाही." जणू पाढा म्हणावा तसं. इतक्या वर्षांनी दुःख बोथट होत असेल.

सोमवारी मालिका सुरू झाली, तेव्हापासून बहीण एकही भाग चुकवत नाही म्हणे. शेवटी श्रेयनामावलीत भावाचं नाव येतं, ते मोठ्याने वाचते.

४ फेब्रुवारी

चॅनलची बैठक. प्रेक्षक गळतायत. दोन आठवड्यांत सातपैकी एकही माणूस कमी झालेला नाही, असं चॅनलबाई म्हणाल्या. स्वरात अशी तक्रार की जणू माझ्या घरी पाहुणे येऊन राहिलेत आणि जात नाहीत.

"एकच मरण द्या. पण असं द्या की लोकांचा घास हातातच राहील."

मी तीन पेच मांडले. चिठ्ठ्या टाकतात. मतदान करतात. यानातली झाडं सांभाळणारा म्हातारा माळी आपणहून बाहेर जातो. बाईंनी तिन्ही खोडले. चिठ्ठी म्हणजे नशीब, त्यात कुणाचा दोष नाही. मतदान म्हणजे सभा. आणि म्हातारा आपणहून गेला तर? "ती प्रेक्षकाची सुटका झाली. मला सुटका नकोय. कुणीतरी कुणालातरी मरू दिलं पाहिजे, आणि ते बरोबर असलं पाहिजे, आणि तरी बघवता कामा नये."

तीन आठवडे दिलेत. नाहीतर दुसरा लेखक बघतील. हे त्या बोलल्या नाहीत, पण जाताना माझ्या खुर्चीकडे घर बघायला आल्यासारखं बघून गेल्या.

९ फेब्रुवारी

काही सुचत नाही. दांड्यावरचे कागद पंख्याने हलतात तेवढीच हालचाल. आठ वाक्यं लिहिली, नऊ खोडली.

११ फेब्रुवारी

आज दुपारी जनरेटर बंद पडला. सगळे बाहेर चहाला गेले. मी आणि मुकादम यानाच्या बोळात राहिलो. ते पहिल्यांदाच आत बसले होते, पाय पोटाशी घेऊन.

मी विचारलं, "मुकादम, खरोखर कधी असं ठरवावं लागलं का तुम्हाला? कोण राहील, कोण जाईल?"

त्यांनी रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. मला वाटलं विषय टाळतील. पण ते म्हणाले, "एकोणीस वर्षांत तुम्हीच पहिल्या विचारणाऱ्या."

मग सांगितलं. जुना, पाण्याने भरलेला बोगदा फुटला. पाणी अडवायला खाणीत लोखंडी दारं असतात, चाक फिरवून आवळायची. मेहुणा पंप बघायला मागे गेला होता. दाराच्या अलीकडे मुकादम धरून पाचजण. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. मुकादमांनी मेहुण्याला हाक मारली. दोनदा. मग चाक आवळलं.

"तो क्षणात गेला नाही, बाई. तिकडे वरच्या अंगाला थोडी हवा राहिली असणार. त्याने लोखंडी पान्ह्याने दार ठोकायला सुरुवात केली."

"किती वेळ?"

"एकाच्या मनगटाला अंधारात दिसणारं घड्याळ होतं. अकरा तास."

मी यानाच्या प्लायवूडच्या दाराकडे बघितलं.

"उघडलं असतं तर पाचही गेलो असतो. चौघांनी मला तसं सांगितलं. मलाही माहीत होतं. वर आल्यावर पाचांनी ठरवलं, घरी सांगायचं की क्षणात गेला. बहिणीला मी तेच सांगितलं." नंतर म्हणाले, "हे लिहू नका."

"नाही लिहिणार," मी म्हटलं.

दिवे आले, माणसं आली. मी कोठीत येऊन सगळं कामाच्या वहीत उतरवलं, शब्दन् शब्द. विसरू नये म्हणून फक्त.

१२ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. तो उत्तरपत्रिका तपासत होता, पेन खाली ठेवलं.

"त्यांनी तुला का सांगितलं असेल?"

"विश्वास वाटला म्हणून."

"हं." मग पुन्हा पेन उचलत, "बहिणीला सांगायची रंगीत तालीम केली असेल."

त्याला माणसांतलं काय कळतं? त्याचा विषय पदार्थ.

२४ फेब्रुवारी

मुदत उद्या. लिहिलं.

पण सगळं बदललंय. खाण नाही, यान. पाणी नाही, गळणारी हवा. मेहुणा नाही, यंत्रज्ञ, आणि त्याचं कप्तानाशी काही नातं नाही. पाच नाही, अलीकडे सहाजण. अकरा तास तर पडद्यावर शक्यच नाहीत, अडीच-तीन मिनिटं. यात मुकादमांचं उरलं काय? दार आणि ठोकणं. दार काय, जगात सगळीकडे असतं. शेवटी कप्तान दाराला कपाळ टेकवून ढसाढसा रडतो. हे तर पूर्ण माझं आहे.

दुपारी चारला पाठवलं. पाच वाजता चॅनलबाईंचा फोन. एवढंच म्हणाल्या, "कुठे लपवून ठेवलं होतंत हे?"

३ मार्च

दाराचा प्रसंग चित्रित झाला. मुकादमांना मी आधीच कळवलं होतं की या आठवड्यात तुमचं काम नाही, विश्रांती घ्या. त्यांना उगाच त्रास नको.

ध्वनिवाल्याने पाण्याच्या जुन्या टाकीवर पान्हा आपटून ठोक्यांचा आवाज बनवला. तीन ठोके, थोडं थांबणं, तीन ठोके. नवऱ्यालाही हरकत नव्हती, धातूतून आवाज जातो म्हणे. कप्तानाचं काम करणारा नट खरंच रडला. चहावाला दारात थाळा घेऊन थबकला होता. असा प्रसंग वर्षा-दोन वर्षांत एकदा हाती लागतो.

घरी येताना मुकादमांना फोन करावा असं मनात आलं. केला नाही. काय सांगणार होते?

१० मार्च

चॅनलबाईंची नवी कल्पना. गुरुवारचा भाग ठोके सुरू झाले की संपवायचा आणि पडद्यावर प्रश्न टाकायचा: दार उघडावं का? हो किंवा नाही. लोक मोबाइलवर बटण दाबतील. शुक्रवारी निकाल आणि पुढचा भाग.

"पण शुक्रवारचा भाग तयार आहे. लोकांनी 'हो' म्हटलं तर?"

"नाही म्हणणार. लोक शहाणे असतात, त्यांना फक्त विचारायला हवं."

२० मार्च

गुरुवार. भाग लागला. नवरा टीव्हीसमोर उभाच होता. प्रश्न आला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं आणि मोबाइल उलटा करून ठेवला.

मुकादमांना सांगायला हवं होतं. या महिन्यात तीनदा ठरवलं. एकदा तर ते समोर बसले होते, मी तोंड उघडलं आणि "डब्यात काय आहे आज?" असं विचारलं.

२१ मार्च

एकाहत्तर टक्के 'नाही'.

२२ मार्च

सकाळपासून अभिनंदनाचे फोन. शेजारच्या काकू जिन्यात म्हणाल्या, "काल पोळी भाजताना जळली हो तुमच्यामुळे." चॅनलबाईंनी मालिका वर्षभर वाढवली आणि पुढच्या महिन्यासाठी "असाच पण याहून वाईट" पेच मागितलाय. याहून वाईट मी कुठून आणू? पुन्हा कुणाला बोळात बसवू?

मुकादमांचा फोन नाही. नसेल बघितला भाग.

२५ मार्च

मुकादमांची बहीण कोठीवर आली.

सुती साडी, चापूनचोपून बांधलेले केस, पंचावन्नच्या आसपास. दरवानाने आणून सोडलं. टांगलेल्या कागदांखाली ठेवलेल्या स्टुलावर बसल्या, वर बघितलं, म्हणाल्या, "इथे लिहिता होय? खिडकी नाही?"

मी पाणी दिलं. प्यायल्या नाहीत.

"गुरुवारी प्रश्न आला तेव्हा मी 'नाही' दाबलं," त्या म्हणाल्या. "पोरगा गुणी होता तो यंत्रज्ञ. पण अलीकडे सहाजण होते. मी दादाला म्हटलंसुद्धा, कप्तानाचं बरोबर आहे ना रे? तर दादा उठून स्वयंपाकघरात गेला. नळ मोठा सोडला. घासलेली भांडी पुन्हा घासत बसला. शुक्रवारी परत तेच. ते ठोकणं लागलं की नळ."

मी पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला.

"आमचे हे कसे गेले ते दादाने तुम्हाला सांगितलंय. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"दादांनी तुम्हाला काही सांगितलं का?"

"मी तुम्हाला विचारतेय. ठोकत होते का?"

खोटं बोलायचं तर आत्ताच, आणि पूर्ण खोटं बोलायची हिंमत नव्हती. म्हटलं, "हो."

"किती वेळ?"

त्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, शाळेत निकाल ऐकायला बसतात तशा. या बाईने पाच दिवसांपूर्वी 'नाही' दाबलं होतं. तिला मी अकरा तास सांगू?

"तीन मिनिटं," मी म्हटलं. "फार तर. मग पाणी वर आलं. फार त्रास झाला नसणार."

"दादाने असंच सांगितलं?"

"असंच."

त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला. मग "बरं" म्हणाल्या आणि उठल्या. जाताना स्टूल होतं तिथे नीट सरकवून ठेवलं.

इतकी वर्षं संवाद लिहिले, पण आज पहिल्यांदा एका वाक्याने कुणाचं तरी खरंखुरं भलं केलं. नवऱ्याला मात्र हे सांगितलं नाही. त्याने काहीतरी विचारलं असतं.

२७ मार्च

मुकादम आले. आत आले नाहीत, कोठीच्या उंबऱ्यातच उभे राहिले. दाढी वाढलेली. मी ताडकन उठले आणि जे महिनाभर घोकलं होतं ते सगळं ओतलं. मुदत होती, डोकं चालत नव्हतं, तुम्ही लिहू नका म्हणाला होतात, मी शब्द मोडला, माझं चुकलं.

त्यांनी रुमालाने माशी उडवावी तसं ते उडवून लावलं. "ते राहू द्या. ती तीन मिनिटं कुठून आणलीत?"

मी दांड्यावरचा एक कागद सरळ केला.

"शनिवारी बहिणीने मला समोर बसवलं. म्हणाली, नळ का सोडतोस? मग मी सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकोणीस वर्षं जीभ रेटली नाही, ती शनिवारी रेटली. तुम्ही लिहिलंत म्हणूनच रेटली म्हणा हवं तर. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. तीन दिवस एक शब्द नाही. मंगळवारी न सांगता इकडे आली." त्यांनी चौकटीला हात टेकला. "घरी आली आणि मला म्हणाली, दादा, अकरा तास तू वाढवून सांगतोस. स्वतःला छळायला. आणि संध्याकाळी म्हणाली, नाहीतर ती बाई खोटं बोलते. मग म्हणाली, तुम्हा दोघांपैकी एकाने मला वेड्यात काढलंय, आणि कोण ते मला कळत नाही. कालपासून जेवली नाही."

"मला वाटलं, त्यांना बरं वाटेल…"

"कुणाला?"

तो प्रश्न इथे तसाच उतरवून ठेवते.

"मी कितीही शपथा घेतल्या तरी आता तिला खरं वाटत नाही," ते म्हणाले. "तुम्ही घरी या. तुमच्या तोंडाने सांगा."

"उद्या येते."

"सकाळी या. दुपारी ती पडते जरा."

ते गेल्यावर चॅनलबाईंचा फोन आला, नव्या पेचाचं काय झालं म्हणून. दांड्यावरचे कागद, बंद भिंती, आणि फोनमधून येणारा बाईंचा आवाज. मी म्हटलं, सांगते. फोन ठेवून दार उघडं टाकून बसले. रंगाच्या वासाने डोकं उठलं तरी लावलं नाही.

रात्री जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं, तीन मिनिटांसकट. त्याने काही विचारलं नाही. माझ्या ताटात भाजी वाढली, एवढंच.

२८ मार्च

सकाळी नऊ वाजता गेले. तिसरा मजला, दोन खोल्या. आत कुठे दारंच नाहीत, चौकटींना पडदे. मुकादमांनी इथे राहायला आल्याबरोबर सगळी काढून टाकली म्हणे. "हवेसाठी काढतो म्हणाला होता," बहीण म्हणाल्या. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेवर बसल्या. मुकादम आतल्या खोलीच्या चौकटीत, पडद्याला धरून.

गाडीतून येताना मी प्रस्तावना जुळवली होती. त्यांचा चेहरा बघितला आणि ती गिळली.

"ताई, तुमच्या दादांनी मला अकरा तास सांगितले होते. तीन मिनिटं मी बनवली."

"का?"

"तुमच्याकडे बघवेना."

"बघा म्हटलंच नव्हतं मी तुम्हाला. सांगा म्हटलं होतं."

मी मान खाली घातली. त्यांच्या पायाच्या बोटातलं जोडवं काढल्याची जुनी खूण दिसत होती, फिकट पट्ट्यासारखी. वर बघायला धीर होईना.

"आता सगळं सांगा," त्या म्हणाल्या. "त्याने सांगितलं तसं. स्वतःचं घालू नका."

कामाची वही पिशवीत होती. काढली आणि ते पान उघडलं. वाचायला लागले तर कळलं, शब्दन् शब्द उतरवला म्हणत होते त्यात माझंच किती शिरलंय. 'काळोखाने भरलेला तो बोगदा'. मुकादमांनी असं कुठे म्हटलं होतं? मी अशी वाक्यं सोडत सोडत वाचलं. जुना बोगदा फुटला. तो पंप बघायला गेला होता. पाणी कमरेपर्यंत. दोन हाका. चाक.

"तीन हाका," पडद्यापाशी मुकादम म्हणाले. "दोन मोठ्याने. तिसरीला आवाज निघाला नाही."

मी पुढे वाचलं. पान्हा. "तीन ठोके, मग थांबणं, पुन्हा तीन…"

"तसं नव्हतं. कसेही ठोके होते. कधी भरभर. कधी बराच वेळ नाही, वाटायचं झालं. मग परत."

बहिणीचे डोळे मिटलेले. हाताने चादरीची एकच सुरकुती पुन्हा पुन्हा सारखी करत होत्या.

"अकरा तास," मी वाचलं. त्या नोंदीत पुढे काही नव्हतं. मिटली.

"आणि मग?" त्यांनी विचारलं. मला नव्हे, भावाला. "अकरा तासांनी थांबलं?"

खालून रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"दादा, थांबलं का तेव्हा?"

"ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"मला झोप लागली." हे ते इतक्या हळू म्हणाले की मला आधी नीट ऐकूच आलं नाही. "दाराला पाठ लावून बसलो होतो. तो ठोकत होता आणि मला झोप लागली. अकरा तास मी मोजले, तेवढे. जाग आली तेव्हा शांत होतं. मध्ये किती वेळ गेला, कोण जाणे. हे मी शनिवारीसुद्धा नाही सांगितलं तुला. या बाईंनाही नाही. कुणालाच नाही."

आणि मी माझ्या कप्तानाला दाराला कपाळ टेकवून ढसाढसा रडवलं होतं. एकाहत्तर टक्के लोकांनी त्याच्यासाठी डोळे पुसले होते. मुकादम ते बघून नळ सोडत होते. आज कळलं, ते ठोकणं त्यांना ऐकवत नव्हतंच, पण ते रडणंही बघवत नसणार.

बहिणीने डोळे उघडले. मला वाटलं आता काहीतरी फुटणार. त्या म्हणाल्या, "बाकीचे चौघं? त्यांच्यातलं कुणी जागं होतं?"

"घड्याळवाला होता बहुतेक. त्याने मला उठवलं."

"त्याने कधी सांगितलं नाही, कधी थांबलं ते?"

"मी विचारलं नाही."

"एकोणीस वर्षांत?"

"नाही विचारलं."

"आहे का तो?"

"आहे. मुलीकडे असतो. सकाळच्या गाडीने गेलं तर दुपारपर्यंत पोचतो माणूस."

त्या उठल्या, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघितलं, बोटाने चौकोन शोधला. "उद्या जाऊ," म्हणाल्या. "दोघं जाऊ. तू विचारायचंस. मी शेजारी बसेन."

मुकादमांनी मान हलवली. पडदा धरलेला हात मग कुठे खाली आला.

मी म्हणून गेले, "मी सोडू का तुम्हाला? माझी गाडी आहे."

"नको," बहीण म्हणाल्या. रागाने नव्हे. "तुम्ही नको. ती वही मात्र ठेवून जा."

वही पलंगावर ठेवली. त्यात पुढच्या महिन्याची टिपणंही होती, राहू दे. मुकादम जिन्यापर्यंत आले. मी पुन्हा माफीचा शब्द काढणार तोच म्हणाले, "सावकाश उतरा, दुसऱ्या मजल्यावरची एक पायरी मोडलीये." आणि आत गेले.

दार लागलं नाही. मी दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा वरून बोलणं सुरू झालं होतं. आधी बहिणीचा आवाज, मग मुकादमांचा, मग दोघांचे एकदम. तिथे कठड्याला धरून थांबले असते तर शब्द कळले असते. पाय थांबलेही क्षणभर, खोटं का बोला. पिशवीत पेन होतं आणि हात तिकडे गेला होता.

मोडकी पायरी ओलांडली आणि भराभर खाली उतरले.